आमच्या घरची खाट

आमच्या गावचं हॉस्पिटल बंद झालं तेव्हापासून जो तो सरकारला शिव्या घालतोय. मी घालत नाही. ते कोणी बंद पाडलं हे मला ठाऊक आहे, आणि त्यात मीही आहे.

पापडी गावाच्या पुढे, केळीच्या वाड्यांमध्ये, गावानेच श्रमदान करून ते बांधलं होतं. खाटा घरोघरच्या. ज्या घरची खाट, त्या घराने तिच्यावरच्या पेशंटला सकाळची पेज पोचवायची, असा रिवाज होता. पेशंट कुठला, कोणाचा, हे विचारायचं नाही. आमची खाट खिडकीपाशी होती. आई पेज करायची, बाबा सायकलवरून पोचवायचे आणि परत आल्यावर सांगायचे, आज आपल्या खाटेवर अर्नाळ्याची बाई आहे, मुलगी झाली तिला. चेहरा असा की बाळंतपण आमच्याच घरात झालंय.

पुढे आम्हा मुलांना पगार आले, मेडिक्लेम आले. खाटा तिथेच राहिल्या, पेजही जात राहिली, फक्त आपलं माणूस आम्ही तिथे ठेवेनासे झालो. साधा ताप आला तरी हायवेवरचं मोठं हॉस्पिटल. नाहीतर लोक म्हणतील, मुलांची ऐपत नाही. वार्षिक सभेत मात्र डॉक्टर टिकत नाहीत म्हणून आम्हीच तावातावाने बोलायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! गावचेच पेशंट येत नाहीत तिथे डॉक्टर कशाला टिकेल?

मग बाबा थकले. अन्नावरची वासना उडाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता औषध नाही, फक्त सेवा करा. बाबांनी एकच मागितलं, मला आपल्या खाटेवर ने. मी हो म्हटलं आणि त्यांना हायवेवर नेलं. भेटायला येणाऱ्यांना काय दिसेल, याचीच मला काळजी होती.

तिथे घरचं अन्न आत न्यायला बंदी होती. तिसऱ्या दिवशी बाबांनी पलंगाच्या कडेवरून हात फिरवला.

"ही खाट कोना घरची?"

कोणाची नाही, हॉस्पिटलची आहे, असं मी सांगितलं.

"मग पेज कोन आननार?"

मी फोन आल्यासारखं करून बाहेर गेलो. दोन दिवसांनी ते गेले.

वर्षभरात गावचं हॉस्पिटल बंद झालं. आपापल्या खाटा घेऊन जा, असा निरोप आला. मी टेम्पो घेऊन गेलो. जुन्या सिस्टर किल्ल्या घेऊन दारातच बसल्या होत्या. बाबा आजारी असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"तुमच्या बाबांसाठी चादर घालून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "पूर्ण आठवडा कोणाला झोपू दिलं नाही तिच्यावर."

टेम्पोवाला विचारत होता, खाट कुठे उतरवायची. मला ते अजून सांगता आलेलं नाही. तोवर ती मागच्या पडवीत उभी करून ठेवली आहे.