रबरी पाइपाची जिलेबी

मला एका जागी बसवत नाही. माहेरी म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्न होऊन कोल्हारला आले तेव्हा ती जिभेलाही लागलेली होती. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. रस्त्यात कुणी माझ्या लेकीला विचारलं, बाळ, जेवलीस का, तरी मीच सांगायचे की जेवली, भाकरी आणि दूध.

लेक त्या वर्षी पहिलीत होती. घरी आजीशी तिची टकळी दिवसभर चालायची, पण शाळेच्या फाटकातून आत गेली की तोंडाला कुलूप. हजेरीला नुसता हात वर करायची. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि स्पष्टच सांगितलं, की तोंडी परीक्षेतही ही अशीच उभी राहणार असेल तर पहिलीतच ठेवावी लागेल. सव्वीस जानेवारीला वेशभूषा स्पर्धा आहे, सगळ्यांसमोर दोन वाक्यं बोलली तरी मी तिला वर घालीन, असंही म्हणाल्या. माझा जीव टांगणीला लागला. घरी येईपर्यंत मी रस्त्यानं चालतेय की पळतेय, हेही कळत नव्हतं.

दाढीमिशा लावलेल्या पुढाऱ्यांना शिक्षक कंटाळले होते, म्हणून त्या साली विषय होता खाण्याचे पदार्थ. तुला काय व्हायचंय, असं आजीनं विचारलं आणि लेक म्हणाली, जिलेबी. तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. आमच्याकडे झेंडावंदन झालं की स्टँडजवळ मांडव टाकून जिलेबी तळतात, माणसं कागदात बांधून घरी नेतात, आणि सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट या दोन दिवसांखेरीज वर्षात जिलेबी घरात येत नाही. मी तिला मोदक सुचवला, पेढा सुचवला. तिचे वडील साखर कारखान्यात पाळीला होते, हंगाम भरात होता, घरी यायचे ते झोपायलाच. तेही डोळे मिटत म्हणाले की पेढा सोपा, पुठ्ठा गोल कापला की झालं. लेक जागची हलली नाही. जिलेबी म्हणजे जिलेबीच.

मग मी कामाला लागले, म्हणजे घर डोक्यावर घेतलं. मळ्यातला फुटका रबरी पाइप आणला. सासऱ्यांचं जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्या. केशरी रंगाची पुडी लोखंडी घमेल्यात उकळली, रंग लवकर चढेना म्हणून दुसरी पुडी टाकली, तरी धीर धरवेना म्हणून जाळ वाढवला. पट्ट्या वाळल्यावर विटकरी दिसायला लागल्या. तळलेला पदार्थ आहे, चालायचंच, असं मी स्वतःला समजावलं आणि पाइपाला त्या पट्ट्या फराफरा गुंडाळत सुटले. कुठे कडा वर आली, कुठे चुणी पडली, ते बघायला मी थांबले नाही.

पण पाइपाचे वेढे काही मला जमेनात. एक धरला की दुसरा सुटायचा. मी वैतागून तो भिरकावणार, तेवढ्यात सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी पोतं पसरलं, पाइपाचं एक टोक मधोमध दाबलं आणि आतून बाहेर, एकाला एक चिकटून, असे काय सुरेख वेढे घातले की बघत राहावं. शेवटचं टोक अंगठ्यानं दाबून चिकटवल्यासारखं केलं आणि दाभणानं शिवून टाकलं. मधून मधून मी लेकीला वाक्यं पढवत होते. मी आहे जिलेबी, गोड गोड जिलेबी. ती ओठ मिटून बघायची, मग मीच तिच्याऐवजी म्हणून टाकायचे.

"तिला म्हनू दे की," आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या. "तिच्या वाटनीचं बी तूच बोलून टाकती."

मला राग आला. मी नाही बोलायचं तर बोलायचं कुणी, असं मनात म्हणत मी अंगण झाडायला घेतलं, खरं तर ते सकाळीच झाडलेलं होतं.

सव्वीस तारखेला लेकीच्या गळ्यात ते पोतं अडकवलं आणि आम्ही तिघी निघालो. शाळेच्या फाटकाशी शेजारची एक बाई कौतुकानं म्हणाली, "आगं बया, चकली व्हय? लई झ्याक केलीय."

मी दोन पावलं मागे सरून लेकीकडे नीट पाहिलं. विटकरी रंग, चुण्यांचे वर आलेले काटे, आणि मधोमधून सुरू होऊन एकाला एक लागलेले वेढे. जिलेबी आमच्या घरात कधी कुणी केलीच नव्हती, ती विकत यायची. आत्याबाईंच्या हाताला ठाऊक होती ती दिवाळीची चकली, आणि हातानं तीच घातली. आत्याबाईंनीही पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

आता उसवायला वेळ नव्हता. झेंडावंदन होऊन मुलांची रांग लागलीसुद्धा होती. मी लेकीला भिंतीशी नेलं आणि घाईघाईनं सांगितलं, की हे बघ, सगळे चकलीच म्हणणार, तेव्हा तू चकलीच हो. मी आहे चकली, कुरकुरीत चकली, एवढंच म्हण आणि खाली ये. ती माझ्याकडे बघत राहिली. समजलं ना, असं विचारून मीच हो म्हटलं.

तिची पाळी आली. बाईंनी माइकवर सांगितलं, आता येत आहे आपली चकली. टाळ्या झाल्या. लेक मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिचे ओठ मिटले ते मिटलेच. खाली मी टाचा वर करून, तोंडाचा मोठा आ करून, आवाज न काढता म्हणत होते, मी आहे चकली. बाई खाली वाकून तिला काहीतरी सांगत होत्या. मुलं खिदळायला लागली. मी पायरीकडे निघाले, म्हणजे तिच्याऐवजी बोलायलाच निघाले, तर आत्याबाईंनी माझा पदर घट्ट धरला.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मग माइकची मान दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढली.

"मी चकली न्हाई," ती म्हणाली. "मी जिलेबी हाय. माझ्या आजीनी केलीया."

मैदान हसलं. बाईही हसल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून, वर घातली, अशी मान डोलावली. मला एकदम रडू आलं. आत्याबाईंनी माझा पदर अजून सोडला नव्हता, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

बक्षीस केळ्याला मिळालं. आम्ही पोत्यासकट स्टँडवर गेलो. मांडवापुढे ही गर्दी. तळणाऱ्यानं लेकीचं सोंग पाहून विचारलं, काय गं, किती देऊ. पाव किलो, हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. मी ओठ आवळले. लेकीनं कढईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, पुन्हा कढईकडे पाहिलं. मागची माणसं चुळबुळ करायला लागली, माझे पाय चपलेत वळवळत होते, आणि ती काही घाई करेना.

"आदी आजीला दाखवा," शेवटी ती म्हणाली, "कशी करत्यात ती."

तळणाऱ्यानं पिठानं भरलेलं, भोकाचं फडकं उचललं आणि तेलात सावकाश एक वेढा सोडला.