एस्तेर सिस्टरचा रविवार

प्रार्थनेच्या वेळी सगळं चर्च डोळे मिटून, मान खाली घालून बसलेलं असे आणि माझ्या सासूबाई डोळे सताड उघडे ठेवून एकेका बाकावरून नजर फिरवत. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हे चोरून पाहिलं. बाहेर आल्यावर धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “कोण आलं न्हाई ते पाहून राह्यले. देवाला डोळे मिटून बी दिसते. आपल्याला उघडल्याबिगर दिसत न्हाई.”

जालन्याच्या एका दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. निवृत्त होऊनही गावासाठी त्या एस्तेर सिस्टरच राहिल्या. अंगाने किरकोळ, चालणं मात्र झपाझप. मी अहमदनगरची, थोरली सून म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या घरात आले आणि मला सगळ्यात आधी धास्ती बसली ती रविवारची.

पहाटे पाचला मटण शिजायला पडे. नऊला उपासना. बाराला दोन्ही मुलगे, सुना, परतूरहून रेल्वेने येणारी लेक आणि जावई अशी सगळी पंगत बसे. आदल्या दिवशी कोणाचं कितीही वाजलेलं असो, रविवारी एकत्र जेवायचंच. “रुसायला सोमवार हाय,” असं त्या म्हणत आणि पुढ्यात भाकरी टाकत. तीन वाजले की चर्चची साडी बदलून सुती लुगडं नेसायच्या, पिशवीत थर्मामीटर आणि बायबल टाकायच्या आणि मला हाक मारायच्या. मग चार-पाच घरं. जे बाकावर दिसले नव्हते, त्यांची.

त्यांचं भेटायला जाणंही वेगळंच. आजाऱ्याला “कसं वाटतंय” विचारलं की मला दटावायच्या. “ते बिचारं पाहुण्याला बरंच वाटतंय म्हणणार. काय खाल्लं, झोप लागली का, हे इचार.” पाळकांनाही सोडत नसत. एकदा पाळक खाटेजवळ जाऊन लगेच हात जोडू लागले, तर म्हणाल्या, “साहेब, आधी चादर बदलू, मंग प्रार्थना.” लोकांना हे सगळं फार थोर वाटे. मला मात्र नवऱ्याबरोबर घालवायचा एकुलता एक सुट्टीचा दिवस परक्यांच्या खाटांपाशी चाललेला दिसे. मी त्यांच्यामागून चालत असे, पण मनात धुसफूस असे.

माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी ती धुसफूस तोंडावर आली. लेक चार महिन्यांची होती. नगरहून माझे आईवडील आले होते. एप्रिलचं ऊन, घरात पंचवीस माणसं. चर्चमधून बाहेर पडताना सासूबाईंनी पवळाबाईंना गाठलं. या पवळाबाई परतूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून दर रविवारी सुनेला घेऊन येत. सून सरिता बाळंतीण झाली होती.

“सरिता बरी हाय ना?”

“बरी हाय. आठवा दिवस हाय आज. जरा ताप येऊन राह्यला, बडबडती थोडी.”

पंगतीत वाढताना सासूबाईंचं लक्ष नव्हतं; माझ्या वडिलांच्या ताटात त्यांनी दोनदा मीठ वाढलं. दोन वाजताच त्या पिशवी घेऊन निघाल्या.

“आई, आज तरी नको,” मी म्हणाले. “पाहुणे काय म्हणतील?”

“पाहुणे जेवले. ती पोरगी जेवली का न्हाई, ठावं न्हाई.”

नवरा मला हळूच म्हणाला, “एकटी नको जाऊ देऊस.” मी लेकीला पाजलं, माझ्या आईच्या मांडीवर दिलं आणि रागातच चपला घातल्या. तासाभरात परत येऊ, असं आईला सांगितलं.

परतूरकडे जाणाऱ्या प्रवासी जीपमध्ये आम्ही दोघी दोन टोकांना बसलो. खेड्यात उतरून पवळाबाईंच्या घरी पोचलो, तर दारावर लिंबाचा पाला बांधलेला, आतल्या खोलीची खिडकी गोणपाट लावून बंद. सासूबाई उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबल्या. त्यांनी फक्त वास घेतला. माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा त्यांचा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

सरिता खाटेवर होती. वीस वर्षांची असेल. डोळे उघडे, पण ओळख नाही. ओठ फुटलेले. थर्मामीटरचा पारा पाहून सासूबाईंनी तो झटकला आणि पुन्हा लावला. तोच आकडा. शेजारी गाठोड्यात बाळ रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

“बाळाची वार पूर्ण पडली न्हाई हिची,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. “आत सडून राह्यली. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यावं लागेल.”

सरिताचे सासरे याकोबदादा ओट्यावर बसले होते. शांत, करारी माणूस. मुलगा औरंगाबादला गवंडीकामाला होता. “सलाम सिस्टर, बसा,” ते म्हणाले. “सांगावा धाडलाय. पोरगा सकाळी येईल. त्याची बायको हाय, तो आल्याबिगर मी हलवत न्हाई. रस्त्यात काही झालं तर त्याला काय तोंड दाखवू?”

“सकाळी यील तवा पोरगी नसल.”

“तुम्ही रिटायर झाल्यात सिस्टर. डॉक्टर न्हाई तुम्ही.”

अंगणात पाच-सहा माणसं जमली होती. एक म्हातारी म्हणाली, ओल्या बाळंतिणीनं उंबरा ओलांडू न्हाई, हे बाहेरचं हाय. कोणी सासूबाईंकडे पाहून हसलं. मला वाटलं, आता सासूबाई मागे फिरतील, आपण घरी जाऊ. माझी छाती दुधाने भरून दुखायला लागली होती. त्या फिरल्या नाहीत. दाराला टेकून खाली मातीत बसल्या.

“याकोबदादा, एक सांगते. माझ्या लेकरांना बी सांगितलं न्हाई.” आवाज इतका हळू होता, की अंगणातली माणसं जवळ सरकली. “मी नवीन नर्स होते. अशीच एक पोरगी आल्ती, अशाच तापानं. डॉक्टर म्हणले, ऑपरेशन लागेल. तिचा सासरा म्हणला, पोरगा येऊ द्या सकाळी. तवर डॉक्टर दुसरीकडं गेल्ते, त्यांना बोलवायचं काम माझं होतं. मी त्या म्हाताऱ्याला भ्याले. थांबले. सकाळी नवरा आला तवा मी तिचं अंग पुसून राह्यले होते. नवऱ्यानं मला काहीच म्हणलं न्हाई. एवढंच इचारलं, तुम्ही होत्यात ना इथं?”

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“आज मी इथं हाय. मी थांबणार न्हाई. तुमच्या पोराला काय सांगायचं ते मी सांगीन. मारलं तरी मला मारू द्या.”

याकोबदादा जमिनीकडे पाहत राहिले. आतून बाळाचा तो बसलेला आवाज येत होता. शेवटी हलल्या त्या पवळाबाई. नवऱ्याकडे न पाहता त्या आत गेल्या, गोधडी काढली आणि म्हणाल्या, “धरा कोणीतरी. चारी कोपरे धरा.”

जीप निघून गेली होती. शेजाऱ्याने ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत कडबा पसरून त्यावर सरिताला ठेवलं. चढताना पाहिलं, तर याकोबदादा सुनेच्या डोक्याशी पाणी भरलेला तांब्या धरून बसले होते.

खड्ड्यांचा रस्ता. सासूबाईंचं बोट सरिताच्या मनगटावर होतं आणि त्या ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होत्या. मध्येच माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “रेखा, त्याला घे. दूध हाय ना तुला?”

मी क्षणभर थांबले. हे दूध माझ्या लेकीचं होतं. ती घरी भुकेने रडत असणार. परक्याचं लेकरू, आजारी आईचं. हे सगळं माझ्या मनात आलं, ते मी लपवत नाही. मग त्या बाळाने तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. मी पदर आड घेतला आणि त्याला छातीशी धरलं. ते इतक्या जोरात ओढू लागलं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाईंनी दुसरा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. दवाखाना येईपर्यंत तो हात तिथेच होता.

घरी पोचायला दिवस मावळला. माझी लेक पाण्याच्या चमच्यांवर झोपवलेली. माझे वडील दारातच उभे होते. “बाप्तिस्म्याच्या दिवशी नातीला उपाशी ठेवलंत, विहीणबाई,” ते म्हणाले.

“चूक झाली, व्याहीसाहेब,” सासूबाई म्हणाल्या. “माफी मागते. पण खोटं कशाला बोलू? पुन्हा असंच झालं तर पुन्हा हेच करीन.”

वडील दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांनी विचारलं, “ती मुलगी कशी आहे?” ती वाचली होती. दवाखान्यात तीन आठवडे काढावे लागले. तिचा नवरा सोमवारी सकाळी आला, तेव्हा सासूबाई ठरल्याप्रमाणे दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. तो त्यांना मारायला आला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला.

त्यानंतरही मी रविवारी कुरकुरत असे. माणूस एका दिवसात बदलत नाही. पण त्यांच्यामागून चालायचं सोडून मी शेजारून चालू लागले.

बारा-तेरा वर्षांनी, एका बुधवारी, त्या गेल्या. दुखणं चार दिवसांचंच. दफनाला परतूरकडचे, घनसावंगीकडचे कितीतरी लोक आले. त्यातले निम्मे आम्हाला माहीतही नव्हते.

पुढच्या रविवारी जेवणं उरकली. घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. तीन वाजले आणि कोणी हाक मारली नाही. मी उठले आणि एकटीच निघाले. धान्याच्या मोंढ्यामागे एक म्हातारे शिंपी अर्धांगवायूने पडून होते. सासूबाई त्यांच्याकडे दोन वर्षं जात होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. माझ्यामागे दाराकडे पाहत त्यांनी अडखळत विचारलं, “सिस्टर न्हाई आल्या?”

मी खाटेजवळ बसून सांगितलं. त्यांचा धड असलेला हात चादरीवर नुसता फिरत राहिला. मग ते म्हणाले, “मंग पुढल्या रविवारी?”

“मी येईन,” मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतक्या पटकन निघालं, की ऐकून मीच दचकले.