दुसरीचं बीज, माझी पिशवी

मॅडमांनी रिपोर्ट वाचला, खाली ठेवला आणि परत उचलला. मी स्वतः आरोग्य सेविका आहे. डॉक्टर रिपोर्ट दुसऱ्यांदा उचलतात तेव्हा काय असतं, ते मला कळतं.

"मनीषाताई, वय किती तुमचं?" केसपेपरवर लिहिलेलं होतं, तरी त्यांनी विचारलं.

"एकतीस."

"एएमएच अगदीच कमी आलंय आणि एफएसएच खूप वाढलंय. याला आम्ही प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी म्हणतो."

एएमएच ही रक्ताची तपासणी. अंडाशयात किती स्त्रीबीजं शिल्लक आहेत, याचा अंदाज त्यातून येतो. एफएसएच म्हणजे मेंदूकडून अंडाशयाला सुटणारा हुकूम. बीज तयार होईना की मेंदू हुकमावर हुकूम सोडत राहतो, म्हणून तो आकडा वाढतो. बायकांचं जे पंचेचाळीस-पन्नाशीला होतं, ते माझं एकतिसाव्या वर्षीच होऊन बसलं होतं.

माझे मिस्टर शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी विचारलं, "मग औषध काय यावर?"

"बीजं परत तयार करणारं औषध नाही," मॅडम म्हणाल्या. "मूल हवं असेल तर दुसऱ्या स्त्रीचं बीज घ्यावं लागेल. बाकी पिशवी तुमची चांगली आहे."

पिशवी म्हणजे गर्भाशय. पुढचं दीड वर्ष मी त्या एका वाक्यावर काढलं.

आम्ही पाथर्डीचे. मिस्टरांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझं उपकेंद्र गावापासून अकरा किलोमीटरवर, स्कूटीने जाते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

पाळी वर्षभर पुढेमागे होत होती. दोन-दोन महिने यायचीच नाही. अंगातून एकदम वाफ निघायची, गळा-पाठ घामाने भिजायची. मला वाटायचं, पाथर्डीचा उन्हाळा आहे. मग पावसाळा आला तरी ते थांबलं नाही. दुसरी एखादी बाई अशी तक्रार घेऊन आली असती तर मी तिला त्याच आठवड्यात नगरला पाठवलं असतं. स्वतःला पाठवायला मी वर्ष लावलं. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर थांबू नका, एवढं या लिहिण्यातून घेतलंत तरी चालेल.

माझी धाकटी बहीण सुनीता शेवगावला दिली आहे. तिला दोन मुली. मी रडत फोन केला तर ती म्हणाली, "ताई, त्यात काय? माझं घे ना. आपलंच रक्त राहील." मी तेच धरून बसले. पुढच्या खेपेला आम्ही दोघी नगरच्या हॉस्पिटलात गेलो. मॅडमांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"कायद्याने चालत नाही. बीज नोंदणी असलेल्या बँकेकडूनच घ्यावं लागतं. तिचं नाव तुम्हाला कळणार नाही, तुमचं तिला कळणार नाही."

परतीच्या एसटीत करंजी घाट उतरल्यावर सुनीता म्हणाली, "मला वाटलं, माझ्या हातून तुझं काहीतरी होईल." मी तिचा हात धरून बसले.

आम्ही फॉर्म भरला. रक्तगट, उंची, रंग, शिक्षण. रंगाच्या रकान्यात मी 'सावळा' लिहिलं. त्या चार ओळींतून मला माझ्यासारखी एक बाई निवडायची होती. समुपदेशक बाई म्हणाल्या, "घरात कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ते दोघांनी मिळून ठरवा." मिस्टर म्हणाले, कुणालाच नको. मलाही तेच हवं होतं.

त्या बाईची सात बीजं मिळाली. मिस्टरांच्या बीजाशी प्रयोगशाळेत मेळ घालून तीन गर्भ तयार झाले. ते गोठवून ठेवले. मला रोज इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पिशवीचं आतलं अस्तर जाड होतं. ते सोनोग्राफीत मिलिमीटरमध्ये मोजतात. आठ झालं की गर्भ ठेवतात.

पहिला गर्भ ठेवला तेव्हा मिस्टरांनी मित्राची जीप आणली आणि घाटात ती इतकी हळू चालवली की मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. मॅडमांनी सांगितलं होतं, एसटीने गेलात तरी फरक पडत नाही. ते त्यांना पटलं नव्हतं. चौदा दिवसांनी बीटा एचसीजी केली. गर्भ रुजला की रक्तात वाढणारं हे संप्रेरक. माझ्यात ते नव्हतंच.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. ऊसतोडीला निघालेल्या बायका तपासणीचं कार्ड घ्यायला आल्या होत्या. एक सहा महिन्यांची गरोदर. मी तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारखान्यावर गेल्यावर कुठे दाखवायचं ते समजावलं. तिने बाही खाली ओढत विचारलं, "ताई, तुमाला किती लेकरं?"

"नाहीत अजून."

"व्हतील की," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला हात लावून गेली. तिच्याबद्दल माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते इतकं वाईट होतं की मी इथे लिहू शकत नाही. आपण वाईट बाई आहोत, असं वाटण्याचे दिवस या उपचारात येतात. मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांनी दुसरा गर्भ ठेवला. या वेळी बीटा वाढली. दोन दिवसांनी परत केली, दुप्पट झाली होती. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोका दिसला आणि मॅडमांनी आवाज मोठा करून ऐकवला. मी आयुष्यात कितीतरी बायकांच्या पोटातले ठोके ऐकलेत. हा ऐकताना मला बसल्या जागी हुडहुडी भरली.

घरी आत्यांना सांगितलं. त्यांनी देवापुढे गूळ ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"नाक तुझ्यावानी येऊ दे बाई. आमच्या घरात समद्यांची नाकं बसकी."

त्या हसत होत्या. मला ते सहन झालं नाही. सात महिने मी गप्प होते, आणि त्या आनंदात असताना मी बोलून गेले. माझी बीजं संपली आहेत, हे दुसऱ्या बाईच्या बीजाचं आहे, अर्धं तुमच्या मुलाचं पण बाकी अर्धं तिचं, सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "कुनाची हाय ती?"

"माहीत नाही."

"कोन्या जातीची?"

"ते सांगत नाहीत, आत्या."

त्या उठून ओट्यावर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या खाण्यापिण्याचं सगळं केलं, डिंकाचे लाडूसुद्धा केले, पण माझ्या पोटाकडे बघितलं नाही. मिस्टर मला म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं?" एवढंच. मला त्यांचं एवढंसं बोलणंही फार लागलं.

नवव्या आठवड्यात ठरलेली तपासणी होती. मी टेबलावर झोपले. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला.

"हार्टबीट दिसत नाहीये, मनीषाताई."

"परत बघा," मी म्हटलं.

त्यांनी परत पाहिलं. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही पाहिलं. याला मिस्ड अबॉर्शन म्हणतात. गर्भाची वाढ थांबलेली असते, पण शरीराला त्याचा पत्ताच नसतो. हे मी नर्सिंगला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्याचा अर्थ असा की पुढचे दोन दिवस मला सकाळी उलट्या होत राहिल्या. माझं शरीर अजून गरोदर होतं. मी मोरीत वाकून ओकत होते आणि मला माहीत होतं की आत कुणी नाही.

"तुमच्या हातून काही चुकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "बीज तरुण असलं तरी असं होतं."

गोळ्यांनी सगळं पडलं नाही, म्हणून क्युरेटिंग करावं लागलं. म्हणजे भूल देऊन पिशवी आतून साफ करणं. घरी आले तेव्हा मिस्टर औषधं आणायला गेले होते. आत्यांनी मला चहा दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दुसरीचं हुतं. म्हनून ऱ्हायलं न्हाई."

मी तो चहा प्याले. का प्याले, मला आजही कळत नाही. हे वाक्य मी मिस्टरांना वर्षभर सांगितलं नाही.

त्यानंतर पाळी आली ती नुसते डाग. पुढचीही तशीच. दुर्बिणीने पिशवी आतून बघितली, त्याला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. मला अशरमन सिंड्रोम झाला होता. पिशवीच्या आतल्या भिंती जखम भरताना एकमेकींना चिकटतात. क्युरेटिंगनंतर कधीकधी हे होतं, कुणाचा दोष नसतो. मॅडमांनी चिकटलेलं सोडवलं, गोळ्या वाढवल्या. अस्तर पाच मिलिमीटरच्या वर गेलं नाही. चार महिने आम्ही नगरला जात होतो. दर वेळी मॅडम पाच म्हणायच्या आणि आम्ही परत फिरायचो.

वेटिंग रूममध्ये त्या चार महिन्यांत ओळखी झाल्या. अकोले तालुक्यातल्या एक बाई नवऱ्याबरोबर यायच्या, भंडारदऱ्याच्या पलीकडून पहाटे निघून. त्यांना दिवस राहिले त्या दिवशी त्या पेढ्याचा पुडा घेऊन आल्या होत्या. मला बघितलं आणि पुडा पर्समध्ये परत ठेवला. मीच हात पुढे केला. पेढा खाल्ला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "चांगली असलेली तुमची पिशवीच आता साथ देत नाहीये. एक गर्भ शिल्लक आहे. या अस्तरावर ठेवला तर राहील असं मी सांगणार नाही. सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पिशवीत गर्भ वाढवायचा मार्ग आहे, पण त्यालाही अटी आहेत, आणि तयार होणारी बाई लागते."

तशी बाई आमच्याकडे नव्हती. सुनीताचं दुसरं सिझर फार अवघड गेलं होतं. तिला मी विचारलंच नाही.

मिस्टर म्हणाले, "राहू दे गोठवलेला. पुढे बघू."

मी मॅडमांना म्हटलं, "माझ्या पिशवीत ठेवा. जेवढे दिवस राहील तेवढे दिवस माझ्याजवळ राहू दे."

मॅडमांनी मला समजावलं, मग समजावायचं सोडलं. तिसरा गर्भ पाच मिलिमीटरवरच ठेवला. या वेळी जीप नव्हती, आम्ही एसटीने आलो. चौदा दिवस मी कामावर जात राहिले. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी नोंदवहीत एका गरोदर बाईचं वजन लिहीत होते. ते लिहून पूर्ण केलं, मग रिपोर्ट उघडला. निगेटिव्ह.

याला आता आठ महिने झाले. मूल दत्तक घ्या, असं सगळे सांगतात. घेऊही कदाचित. पण ज्याने-त्याने ते मला असं सांगितलं की जणू माझं कुणी गेलंच नाही, नुसता एक बेत फसला. माझे तीन गेले. त्यांच्यासाठी ना सुतक, ना दहावा. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला लगेच पुढचा रस्ता दाखवू नका. तिच्याजवळ बसा.

मी मिस्टरांना आत्यांचं ते वाक्य सांगितलं. ते आईशी चार दिवस बोलले नाहीत. मला त्यातून काहीच मिळालं नाही. उलट घर आणखी रिकामं वाटायला लागलं.

गेल्या महिन्यात दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. आत्या एकदम म्हणाल्या, "त्या पोरीला कळवलं का गं?"

"कुठल्या पोरीला?"

"जिनं दिलं हुतं तुला तिला. ऱ्हायलं न्हाई म्हनून."

"नाही आत्या. कळवत नाहीत. नियम आहे."

त्या थोडा वेळ शेंगा फोडत राहिल्या. "बरं हाय," म्हणाल्या. "न्हायतर तिच्या जिवाला लागलं असतं. तिनं बी सुया टोचून घेतल्या असतील की."

त्यांनी माफी मागितली नाही, मीही तिची वाट बघत नव्हते. पण इतक्या दिवसांत मी त्या बाईचा रंग, उंची, रक्तगट एवढाच विचार केला होता. तिला दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली असतील, तिचं पोट फुगलं असेल, भूल उतरताना मळमळलं असेल, हे मला, नर्स असून, सुचलं नव्हतं. ते माझ्या न शिकलेल्या सासूला सुचलं.

ती कुठे राहते मला माहीत नाही. तिने हे का केलं, तेही माहीत नाही. मी आई झाले नाही, होईन असं आता वाटत नाही. काही सकाळी उठावंसंच वाटत नाही, आणि ते बरं होईल असं मी कुणाला खोटं सांगणार नाही. पण बाई, तू दिलंस ते मी नीट सांभाळलं, जमेल तितकं सांभाळलं. तुझं काही कमी पडलं नाही.