छत्तीस पलंगांचं वसतिगृह

आमच्या संस्थेच्या नागपूरच्या मुख्य कार्यालयात भिंतीवर मोठा टीव्ही बसवला, तेव्हा त्याच्यासमोर नारळ फोडला गेला. टीव्हीवर डॅशबोर्ड दिसायचा. कोणत्या वसतिगृहाला काय हवं, कोणी काय दिलं, आणि कोणत्या दात्याचा मान किती. भंडाऱ्याच्या शाखेत बसून त्यात माहिती भरायचं काम माझं.

डॅशबोर्ड बांधायला पुण्याहून आलेल्या सल्लागार बाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. वस्तू एकदाच मोजा. तिचं श्रेय हवं तितक्या जणांना द्या, पण श्रेयाची बेरीज करू नका. संचालकांनी मान डोलावली, चहा मागवला, आणि बाई गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "बेरीज नाही करायची तं आकडे कायले भरून राहिलो आपण?" मी बेरीज केली. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे बऱ्याच जणांना हसणार आहे.

नाकाडोंगरीच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात तीस मुली होत्या आणि पलंग एकही नव्हता. मग बारा लोखंडी पलंग आले. तुमसरच्या एका राइस मिलवाल्या शेठनी आणि त्यांच्या गोंदियाच्या धाकट्या भावाने ते वडिलांच्या स्मरणार्थ मिळून दिले होते. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा फुटला त्याच सुमारास हे घरही फुटलं होतं. दोन्ही जिल्ह्यांची कार्यालयं निदान एकमेकांना पत्रं पाठवायची. भाऊ तेही करत नव्हते. वडील तेवढे वाटून घेता आले नव्हते. तिसरा दावा एका सेवाभावी क्लबचा. त्यांनी पलंग ट्रॅक्टरवर घालून पोचवले आणि पलंगांपेक्षा लांब बॅनर लावला.

कोणाचे किती लिहायचे ते विचारायला मी फोन केले. मोठे शेठ म्हणाले, "सहा लिहान तं लोक म्हनतीन, बापाच्या नावानं सहाच देल्ले." धाकट्यांचंही तेच म्हणणं. क्लबचे अध्यक्ष म्हणाले की आकडा महत्त्वाचा नाही, सेवा महत्त्वाची, बारा लिहा.

मी तिघांपुढेही बारा लिहिले. तिघेही पडद्याच्या पहिल्या पानावर आले, तिघांनाही प्रमाणपत्रं गेली. वसतिगृहाच्या चौकटीत छत्तीस पलंग उमटले आणि चौकट हिरवी झाली. संचालकांनी तिचा फोटो काढून सगळीकडे पाठवला.

श्रावणात वसतिगृहाच्या अधीक्षिकांचा फोन आला. बाई मूळच्या अड्याळच्या. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं.

"जय भीम, भाऊ. हापिसातून एक गाडी आली आहे जी. ड्रायव्हर म्हन्ते, जास्तीचे सहा पलंग द्या, पवनीकडच्या वसतिगृहाले न्याचे आहेत."

"जास्तीचे?"

"तीस पोरी, छत्तीस पलंग. कागदावर साहेबाची सही आहे. मी त्याले खोल्या दाखवल्या. त्यानं बारा पलंग मोजले, मंग खालच्या अठरा सतरंज्या मोजल्या. आता पायरीवर बसून विचार करून राहिला."

"त्याला थांबवा."

"थांबला आहे, चहा देल्ला. पन परवा एका पोरीच्या अंथरुनात विंचू निंघाला, भाऊ. सहा पलंग गेले तं चोवीस पोरी खाली येतीन. तुमच्या टीव्हीत जागा आहे काय त्याइले?"

मी संचालकांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पडद्यावर छत्तीस आहेत. खोलीत बाराच आहेत. मंग बाईनं चोवीस कुठं नेले? चौकशी लावतो."

हिशेब माझा, आणि चोर बाई ठरणार होत्या. त्या दुपारी मी कोणालाही न विचारता बारा पलंग तिघांत वाटले, प्रत्येकी चार. बेरीज बारावर आली, चौकट लाल झाली. चूक माझी आहे असं लेखी कळवलं आणि ड्रायव्हरला रिकामा परत पाठवला. चौकशीचं नाव पुन्हा निघालं नाही. माझी पगारवाढ मात्र त्या वर्षी विसरली गेली.

पडद्यावर मोठे शेठ आता एका वॉटर कूलरवाल्याच्याही खाली गेले होते. त्यांचा फोन आला.

"चार काहून?"

"तिघांत वाटले, शेठ."

"लहान्याचे किती?"

"चारच."

"आठ पलंग धाडून राहिलो. माझे बारा करा."

ही बातमी आठवडाभरात गोंदियाला पोचली. कोणी पोचवली ते मी सांगणार नाही, पण मला ती व्यक्ती जवळून माहीत आहे. धाकट्यांचेही आठ आले. क्लबने खास सभा बोलावून आमच्या निषेधाचा ठराव केला. संचालकांनी वार्षिक बैठकीत सांगितलं की श्रेयाची नवी पद्धत त्यांनीच आणली.

अठ्ठावीस झाले. मी बाईंना फोन करून म्हटलं, दोन अजून कमी आहेत, आणि क्लबकडून निषेधाशिवाय काही येईलसं दिसत नाही.

"पाठवा म्हना निषेध. जाड असन तं अंथरू," त्या म्हणाल्या. "तसं काम भागलं जी. चार पलंग दोन-दोन करून बांधले सुतळीनं. जोडीवर तीन पोरी मावतात. खाली कोनी नाही आता."

पडद्यावर अजून दोन पलंग कमी दिसत होते. संचालकांनी चौकट हिरवी करायला सांगितली, तीस मुलींची सोय झाली म्हणून. मी ती लालच ठेवली.