लिमयेकाकूंची अरेरावी

कलकत्त्यात मराठी माणसं मोजकी, पण चौघं जमली की किस्से पोत्यानं निघतात. स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांत आमच्या बागबाजारच्या खाणावळीतले किस्से एकाच शब्दाभोवती फिरायचे. अरेरावी!

खाणावळ लिमयेकाकूंची. जन्म इथलाच, बंगाली फर्डं. पानात टाकायचं नाही, हा नियम. माझ्याच ऑफिसातल्या जोशीनं एकदा कारल्याची भाजी पानाखाली दडवली. काकूंनी पान उचलून पाहिलं आणि दुप्पट वाढली!

"ही काय अरेरावी?" जोशी पुटपुटला.

"अरेरावी दुसऱ्याची असते. माझी ती शिस्त!"

* * *

ऑफिसातल्या घोषबाबूंनी मला या शब्दाचा अर्थ विचारला. म्हटलं, रविवारी जेवायला या.

"तिथे नाही, इथे बसा! मांडी घाला!" काकूंनी फर्मावलं. घोषबाबू दोन्ही हात आडवे धरत होते, तरी चौथी पुरणपोळी पानात पडलीच.

परतताना ते म्हणाले, "समजलं. आमच्याकडे याला आई म्हणतात."

* * *

गार्डन रीचच्या आमच्या ऑफिसातली अरेरावी निराळी. मुखर्जीसाहेब कुणालाही समोर बसू देत नसत. स्वतः दुपारी उपाशी राहत आणि आमच्यावर खेकसत.

* * *

जोशीला टायफॉइड झाला. नोकरी अजून कच्ची, घरचे सगळे त्याच्या पगारावर. साहेबांचा निरोप आला, "सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या!"

जोशी तापातच बूट शोधू लागला. काकूंनी बूट कपाटात घालून कुलूप लावलं. आता याची नोकरी जाणार, असं आम्ही धरूनच चाललो.

सोमवारी दुपारी काकू नऊवारीत, हातात डबा घेऊन ऑफिसात हजर! चपराशी आडवा आला.

"सरक!"

तो सरकला.

"कोण तुम्ही?" साहेब ओरडले.

"जेवलात?" काकूंनी बंगालीत विचारलं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आधी जेवा. मग ओरडा." त्यांनी डबा उघडून समोर ठेवला आणि जोशीच्या आजाराचं सांगितलं.

जोशीला महिन्याची रजा मिळाली. डबा तिथेच राहिला.

* * *

रविवारी साहेब स्वतः डबा परत करायला आले. पानं मांडलेली होती. ते थेट पाटावर बसले.

"हात धुतलेत?" काकूंनी विचारलं.

साहेब उठून नळावर गेले. परत आले तेव्हा आम्ही सगळे ऑफिसच्या सवयीनं उठून उभे.

"बसा, बसा," साहेब म्हणाले.

काकू वळल्या. "इथे कुणी कधी बसायचं ते मी सांगते!"

साहेब हात पुसत आमच्या रांगेत उभे राहिले.