अप्पांनी न घेतलेलं प्रभुभोजन

लिहिण्याचा माझा अधिकार नाही. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, एवढ्यावर हे धाडस करतोय. माफ करा.

निवडणुकीच्या वेळी रहिमतपूरला घरी गेलो आणि वडिलांशी, अप्पांशी, भांडलो. ते जुन्या पक्षाचे. मी म्हणालो, ख्रिस्ती माणसानं गरिबांच्या नव्या पक्षालाच मत द्यावं.

"आरं, येशू काय तुज्या पक्षाच्या झेंड्यावर हाय व्हय?"

"तुमच्या तरी झेंड्यावर कुठाय?"

आई हसली. आम्ही दोघं नाही.

अबोल्यातच सांगलीला कॉलेजात परतलो. तिथल्या चर्चमध्ये दर महिन्याला प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर आणि द्राक्षरस बिनधास्त घेत राहिलो.

चार महिन्यांनी धाकट्या बहिणीचं पत्र आलं : "दादा, प्रभुभोजनाला अप्पा बाकावरच बसून राहत्यात. म्हणत्यात, पोराशी समेट झाल्याबिगर भाकर कशी घिऊ?"