नव्या रंगाची बोट
शेजाऱ्यांनी गेटला रंग लावायला काढला की मी खिडक्या लावून घेतो. त्या वासानं नांदेडजवळचा गोदावरीचा काठ आठवतो, आणि तिथं विटांवर टेकवलेली एक जुनी मोटारबोट. मासेमारीसाठी विकत घ्यायची म्हणून मी मामांबरोबर ती बघायला गेलो होतो. मालकानं तिला नुकताच निळा रंग दिला होता. मामांनी इंजिनाकडं पाहिलंसुद्धा नाही. माठ घेताना वाजवतात तशी बोटीची कड वाजवत ते पुढून मागं गेले. ठण, ठण, ठण. आणि मागच्या टोकाला, इंजिनाखाली, एकदम ओल्या पुठ्ठ्यासारखं थप. "आतली फळी सडलीय," ते माझ्या कानात म्हणाले, "इंजिनाच्या हादऱ्यानं एक दिवस मागची बाजू उघडंल." आम्ही निघालो तोच दुसरं गिऱ्हाईक आलं. त्याला गावातली माणसं नदीपार न्यायला बोट पाहिजे होती. "कशी हाय, काका?" त्यानं मामांना विचारलं. मालक समोरच उभा होता, आणि मालकाच्या दारात त्याचा सौदा मोडायचा नाही, ही मामांची रीत. "तुमच्या हातानं वाजवून बघा," एवढंच ते बोलले. त्यानं पुढच्या टोकाला दोनदा वाजवलं आणि तो खूश झाला. मी बोलणार, तर मामांनी माझं मनगट धरलं. त्या बोटीचं पुढं काय झालं, ते आम्ही कधीच कुणाला विचारलं नाही. शेवटच्या आजारपणात मामा पडल्या पडल्या खाटेची कड वाजवायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "त्यानं मागं वाजवलं व्हतं का रे?" मी "हाव, वाजवलं व्हतं" म्हणायचो. आता मला हाव म्हणणारं कुणी राहिलं नाही.